आजी-आजोबा आणि मुलांसह लेक लुईझची एक दिवसाची सहल : कॅल्गरीकरांसाठी नियोजन

कॅल्गरीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाकडे भारतातून आई-वडील पहिल्यांदा राहायला आले, की जेट लॅग उतरण्याच्या आतच सहलीचा विषय निघतो आणि बहुतेक घरांत पहिले नाव लेक लुईझचे किंवा त्याच्या शेजारच्या मोरेन लेकचे असते. अंतर सुमारे १८५ किलोमीटर, रस्ता सरळ आणि उत्तम, वेळ दोन तासांच्या आसपास, त्यामुळे पुण्याहून महाबळेश्वरला जावे तसे सकाळी उठून निघावे आणि रात्री जेवायला घरी यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच, की महाबळेश्वरला गाडी थेट पॉइंटपर्यंत जाते आणि इथे बहुधा जात नाही. मोरेन लेकचा रस्ता २०२३ पासून खासगी गाड्यांना पूर्ण बंद आहे. लेक लुईझच्या काठावर पैसे भरून गाडी लावता येते, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये ती जागा पुष्कळदा सूर्योदयाच्या सुमारासच भरून जाते. तुमची गाडी आणि तलाव यांच्यामध्ये एक बस आहे, हे एकदा मनात पक्के धरले, की काय घ्यायचे, किती वाजता निघायचे, कोणाला किती चालवायचे हे बाकीचे निर्णय त्यातूनच सुटत जातात.

आम्ही हे पहिल्या वर्षी मनात धरले नव्हते. जुलैतल्या एका शनिवारी सर्वांच्या आंघोळी, देवपूजा आणि डबे भरणे उरकून साडेनऊला निघालो. तिथे पोहोचलो तेव्हा पार्किंग भरल्याच्या पाट्या लागलेल्या होत्या आणि बसचे बुकिंग कशाशी खातात हे आम्हाला ठाऊक नव्हते. बाबांनी त्या दिवशी लेक लुईझ पाहिला, तो गावातल्या दुकानातल्या पोस्टकार्डावर.

बुकिंग

पार्क्स कॅनडाची, म्हणजे राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची, शटल बस लेक लुईझ स्की रिसॉर्टच्या मोठ्या वाहनतळावरून सुटते. तिथे गाडी लावायची आणि बसने तलावावर जायचे. जागा ऑनलाइन आरक्षित कराव्या लागतात. गेल्या काही हंगामांत पद्धत अशी राहिली आहे, की वसंत ऋतूत, साधारण एप्रिलमध्ये, संपूर्ण हंगामाच्या सुमारे चाळीस टक्के जागा खुल्या होतात आणि उरलेल्या साठ टक्के जागा प्रत्येक तारखेच्या दोन दिवस आधी सकाळी आठ वाजता सुटतात. ज्यांना आई-वडिलांच्या मुक्कामाच्या तारखा आधीच ठाऊक आहेत त्यांनी एप्रिलमध्येच जागा घ्याव्यात. ज्यांना हवामान पाहून ठरवायचे आहे त्यांनी आठला पाच मिनिटे असतानाच खाते उघडून, माणसांची संख्या भरून तयार बसावे, कारण शनिवार-रविवारच्या सकाळच्या जागा तत्काळच्या तिकिटांसारख्या हातोहात जातात. लहान मुलांचे तिकीट नसले तरी त्यांचीही जागा आरक्षणात मोजावी लागते, ही गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. तिकीट फार महाग नाही. मोठ्या माणसाला आठ डॉलर आणि ज्येष्ठांना त्याच्या निम्मे, अधिक आरक्षणाचे थोडे शुल्क, असा दर राहिला आहे. तारखा आणि दर बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

मोरेन लेकच्या जागा आधी संपतात. त्या मिळाल्या नाहीत तर निराश होऊ नये. लेक लुईझची जागा घ्यावी, कारण त्याच तिकिटावर दोन्ही तलावांना जोडणाऱ्या बसमध्ये बसता येते. त्या जोडबसला आरक्षण नसते, रांगेत उभे राहावे लागते, परंतु सकाळी लवकर तलावावर पोहोचलेल्या कुटुंबाला ती सहसा मिळून जाते. पहाटे चारच्या सुमारास सुटणाऱ्या बसेसही आहेत. त्या सूर्योदयाची छायाचित्रे घेणाऱ्यांसाठी आणि लांबच्या चढाईला जाणाऱ्यांसाठी ठीक आहेत. पाच वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांची आई बरोबर असताना त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी बॅन्फ गावातून लेक लुईझला जाणारी रोम ट्रान्झिट (Roam Transit) या सार्वजनिक बससेवेची बस पाहावी.

बसचे तिकीट वेगळे आणि हे तलाव ज्यात येतात त्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाचा पास वेगळा. एकाच गाडीतून जाणाऱ्या सात जणांपर्यंत एक कौटुंबिक पास चालतो आणि सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशशुल्क नसते. वर्षभरात सात-आठ दिवस तरी डोंगरांत जाणार असाल तर वार्षिक डिस्कव्हरी पास परवडतो. आई-वडील सहा महिने राहणार असतील तर तो घ्यावाच. मात्र हा पास कॅल्गरीजवळच्या कॅननॅस्किस या डोंगराळ भागात चालत नाही. तिथे अल्बर्टा प्रांताचा स्वतंत्र पास गाडीच्या नंबरवर घ्यावा लागतो, आणि एक आहे म्हणून दुसरा लागणार नाही या समजुतीवर पुष्कळांनी दंड भरलेला आहे.

गाडीचाही हिशेब याच वेळी करून ठेवावा. सहा वर्षांखालील आणि अठरा किलोपर्यंतच्या मुलाला अल्बर्टात चाइल्ड सीटमध्ये बसवणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून "दोन तासांचा तर प्रश्न, मांडीवर घेते" हा आजीचा प्रस्ताव प्रेमाने पण ठामपणे नाकारावा लागतो. चार मोठी माणसे आणि दोन मुले असतील तर सात आसनी गाडी भाड्याने घेणे हे दोन गाड्या काढण्यापेक्षा सोयीचे पडते.

कधी जावे

मोरेन लेकचा रस्ता साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडा असतो. भारतातून आलेले पाहुणे मे महिन्यात घाई करतात आणि मग त्यांना लेक लुईझवर निळ्या पाण्याऐवजी करड्या बर्फाचा थर पाहावा लागतो. तलावावरचा बर्फ बहुधा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सरतो. पाण्याची पातळी आणि रंग जूनअखेरपासून खुलतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात लार्च वृक्षांची पाने सोनेरी होतात, तेव्हा दृश्य अप्रतिम असते आणि गर्दीही तशीच. एक जुलैच्या कॅनडा दिनाच्या सुट्टीत आणि लाँग वीकएंडला जाणे टाळावे. मंगळवार किंवा बुधवारी रजा मिळत असेल तर ती या कामी खर्च करण्यासारखी आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे वणव्यांचा धूर. आकाश निरभ्र असूनही डोंगर दिसत नाहीत असे दिवस येतात. कॅनडात हवेची आरोग्यविषयक गुणवत्ता एक ते दहा आणि त्याहून अधिक अशा निर्देशांकाने सांगतात. तो सातवर गेला तर दमा किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला बाहेर नेऊ नये, बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील.

हवामानाचा अंदाज कॅल्गरीचा पाहून चालत नाही. कॅल्गरी सुमारे १,०४५ मीटर उंचीवर आहे, लेक लुईझ सुमारे १,७३० आणि मोरेन लेक सुमारे १,८८५ मीटरवर. उंचीच्या हजार मीटरमागे तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, म्हणजे घरी पंचवीस अंश असताना काठावर वीसच्या आसपास आणि ढग आला की त्याहून कमी. जुलैतही सकाळी सात-आठ अंश असू शकतात. मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला ती थंडी "गुलाबी" वाटत नाही. एक जाड स्वेटर देण्याऐवजी आत सुती, मध्ये लोकरीचे किंवा फ्लीसचे आणि वर वारा-पाऊस अडवणारे जॅकेट असे तीन थर द्यावेत, म्हणजे ऊन आले की एकेक उतरवता येतो. आईने साडी नेसायचीच म्हटले तर नेसू द्यावी, पण पायांत बूट हवेत आणि साडी घोट्याच्या वर हवी. चपला घालून मोरेन लेकच्या दगडी पायऱ्यांवर जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण आहे.

पाठीवरची पिशवी

बसमध्ये बसल्यावर गाडी तुमच्या हातात राहत नाही. बाळाचे दूध, बाबांची दुपारची गोळी, कोरडे मोजे, जे गाडीत राहिले ते संध्याकाळपर्यंत राहिले. म्हणून वाहनतळावर बस यायच्या आधी गाडीची डिकी उघडून, आता घरातून बाहेर पडतो आहोत अशा बेताने, दोन पाठपिशव्या पुन्हा भराव्यात. एकीत खाणेपिणे आणि दुसरीत कपडे-औषधे असली म्हणजे शोधाशोध होत नाही. प्रत्येकी एक ते दीड लिटर पाणी घ्यावे. तलावाचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी न उकळता पिऊ नये. सनस्क्रीन, गॉगल, टोपी, मुलांचा एक पूर्ण जोड, मोबाइलचा पॉवर बँक, नेहमीची औषधे आणि आई-वडिलांच्या प्रवासी विम्याच्या कागदांची प्रत एवढे पुरे. बाबागाडी घडी होणारी, हलकी असावी. जवळचे रुग्णालय बॅन्फ गावात, म्हणजे मोटारीने सुमारे चाळीस मिनिटांवर आहे. तातडीच्या मदतीसाठी ९११ हा क्रमांक आहे, परंतु मोरेन लेकवर मोबाइलला रेंज मिळेलच असे धरू नये. त्यामुळे कोणी मागे-पुढे झाले तर कुठे आणि किती वाजता भेटायचे हे बसमधून उतरताच बोट दाखवून ठरवावे.

डब्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे सहलीचा आत्मा डबा हाच असतो. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी, केळी आणि थर्मॉसमधला चहा हे सर्व उत्तम चालते. रस्सा, आमटी, दहीभात हे पदार्थ बसच्या वळणांवर पिशवीत सांडतात आणि त्यांचा वासही दूरवर जातो. वासाचा मुद्दा इथे केवळ शिष्टाचाराचा नाही. हा अस्वलांचा प्रदेश आहे, काळ्या अस्वलांचा आणि ग्रिझलींचाही. खाणे उघडे टाकून छायाचित्रे काढायला जाऊ नये. उष्टे, साली आणि कागद कचरापेटीतच टाकावेत. त्या पेटीचे झाकण नवख्या माणसाला उघडत नाही. बाबा दोन मिनिटे ते वरून ओढत होते आणि शेवटी पेटी बिघडल्याचा निष्कर्ष काढून वळले. पेटी ठीक होती. मुठीच्या जागी एक खोबण असते, तिच्यात हात खालून वर घालायचा आणि आतली पट्टी बोटांनी दाबायची, मग झाकण सुटते. अस्वलाचा पंजा त्या खोबणीत शिरत नाही, म्हणून ही योजना.

वन्य प्राण्यांना खायला घालणे हा राष्ट्रीय उद्यानात गुन्हा आहे आणि त्याचा दंड पंचवीस हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. अस्वलाला कोणी चिवडा देत नाही, पण मोरेन लेकच्या दगडांवर पाठीवर पट्टे असलेली, खारीसारखी दिसणारी चिमुकली जनावरे थेट बुटांपाशी येऊन उभी राहतात, आणि आजीचा हात आपोआप डब्याकडे जातो. तिथे नातवंडांना आधी समजावून ठेवावे, तेच आजीला थांबवतात. तीच गोष्ट फुलांची. देवाला वाहायला म्हणून काठावरचे रानफूल तोडणे किंवा मुलांनी सुंदर गोटे खिशात भरणे यालाही मनाई आहे. ड्रोन तर घरीच ठेवावा.

अस्वलापासून शंभर मीटर आणि हरणे, एल्क, पहाडी मेंढ्या यांच्यापासून तीस मीटर अंतर राखावे. गर्दीच्या काठावर धोका कमी असतो, परंतु जंगलातल्या पायवाटेवर जाणार असाल तर बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पिटाळणारा तिखट फवारा, पिशवीच्या तळाशी न ठेवता कमरेला लावावा आणि मोठ्याने बोलत चालावे. हे दुसरे काम मराठी कुटुंबाला वेगळे शिकवावे लागत नाही.

काठावर

दोन्हींपैकी कोणता तलाव आधी, हे सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाकडे पाहून ठरवावे. लेक लुईझच्या उजव्या काठाने जाणारी वाट जवळजवळ सपाट, रुंद आणि एका बाजूने साधारण दोन किलोमीटर लांब आहे. तिच्यावर बाबागाडी आणि व्हीलचेअर सहज चालते आणि जागोजागी बाके आहेत. गुडघेदुखी असलेल्या माणसाने जमेल तिथपर्यंत जावे आणि परतावे, कारण दृश्य पहिल्या शंभर पावलांतच पूर्ण दिसते. वाटेच्या शेवटी एका उंच कड्यावर दोर लावून चढणारे लोक दिसतात. आमचा मुलगा तलावापेक्षा त्यांच्याकडेच अर्धा तास पाहत बसला होता, आणि त्याला तिथून हलवण्याचे कारण मला सापडले नाही.

पायांत जोर असलेल्यांना लेक ॲग्नेसच्या टीहाऊसची चढण खुणावते. एका बाजूने साडेतीन किलोमीटर आणि सुमारे चारशे मीटरचा चढ आहे. मूळ टीहाऊस १९०१ साली बांधलेले, आजचेही लाकडी आणि विजेविना चालणारे. तिथपर्यंत रस्ता नसल्याने ताजा माल माणसांच्या पाठीवरून वर जातो. आजी-आजोबांसह एका दिवसाच्या सहलीत हे बसवायचे असेल तर कुटुंबाची विभागणी करावी आणि वर जाणाऱ्यांसाठी चार तास धरावेत. माझा सल्ला विचाराल तर ती चढण वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवावी.

मोरेन लेकचा नजारा काठावरून अर्धाच दिसतो. पूर्ण दिसतो तो रॉकपाइल नावाच्या दगडांच्या ढिगावरून. वाट जेमतेम तीन-चारशे मीटरची, पण पायऱ्यांची आहे. कॅनडाच्या १९६९ सालच्या मालिकेतल्या वीस डॉलरच्या नोटेमागे हेच दृश्य होते. तलावाला "मोरेन" हे नाव वॉल्टर विलकॉक्स या गिर्यारोहकाने १८९९ साली दिले, कारण हिमनदीने लोटून आणलेल्या दगडांनी, म्हणजे मोरेनने, पाणी अडवले असावे असे त्याला वाटले. दगडांचा तो ढीग दरड कोसळून झाला असावा, असे पुढे अभ्यासकांनी म्हटले. नाव मात्र राहिले. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांना होड्यांच्या धक्क्याच्या बाजूला बसवावे, तिथूनही पाणी आणि शिखरे छान दिसतात. होडी भाड्याने मिळते, पण दोन्ही ठिकाणी तासाचा दर शंभर डॉलरच्या पुढे असतो, तेव्हा मुलांनी हट्ट धरण्याआधीच निर्णय घेऊन ठेवलेला बरा.

पाण्यात रंग घातला आहे का, हा प्रश्न कोणीतरी विचारतेच. हिमनदी सरकताना खालचा खडक पिठासारखा दळते. ते पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर तलावात येते, इतके बारीक की तळाशी बसायला फार वेळ लागतो, आणि तरंगणाऱ्या त्या कणांवरून प्रकाशातला निळा-हिरवा भाग विखुरतो. ओंजळीत घेतले तर तेच पाणी जवळजवळ बिनरंगी दिसते. मुलांना ओंजळ भरू द्यावी, फक्त तेवढ्यावर थांबवावे. हे पाणी ऐन उन्हाळ्यातही हाडे गोठवणारे असते, काठावर जीवरक्षक नसतो आणि ओले दगड निसरडे असतात.

जागा मिळाल्या नाहीत तर

तरीही निघावे, पण बो लेककडे. आइसफील्ड्स पार्कवेवर, लेक लुईझ गावापासून उत्तरेला सुमारे छत्तीस किलोमीटरवर हा तलाव आहे. त्याला शटल नाही, गाडी लावून काही पावलांवर काठ आहे, आणि समोर हिमनदी लोंबताना दिसते. खरे सांगायचे तर फार चालू न शकणाऱ्या पाहुण्यांना मी आता थेट तिथेच नेतो. नावाचा बडेजाव नाही, एवढेच काय ते उणे. त्या रस्त्यावर मोबाइलला रेंज आणि पेट्रोल या दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून टाकी लेक लुईझ गावात भरावी आणि नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्यावा.

वेळापत्रक

सकाळी नऊच्या बसची वेळ घेतली असेल तर घरातून सहाला निघावे. दोन तासांचा रस्ता असला तरी वाटेतल्या कॅनमोर गावी स्वच्छतागृहासाठी थांबणे, उद्यानाच्या प्रवेशद्वारावरची रांग आणि वाहनतळावर पिशव्या भरणे यांत तास जातो. पास आधीच काढून आरशाला लावलेला असेल तर प्रवेशद्वारावर उजवीकडच्या मार्गिकेतून न थांबता जाता येते. बॅन्फजवळ रस्त्यावरून जाणारे, झाडे लावलेले रुंद पूल दिसतात, ते प्राण्यांसाठी आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालून त्यांना या पुलांकडे वळवले जाते. रस्त्याकडेला प्राणी दिसला तरी हायवेवर गाडी थांबवू नये.

पहिल्या तलावावर दोन तास, मग डबा, मग जोडबस आणि दुसऱ्या तलावावर दीड तास, एवढ्यात दुपारचे तीन वाजतात. डोंगरांत दुपारनंतर वादळी सरी येण्याचा संभव असतो, त्यामुळे दुसरा तलाव दुपारच्या जेवणापूर्वी उरकता आला तर अधिक चांगले. परतीच्या बसला ठरावीक वेळ नसते, जो रांगेत आधी तो आधी, आणि चार ते सहाच्या दरम्यान रांग लांबते. शेवटची बस किती वाजता आहे ते सकाळीच चालकाला विचारून घ्यावे. जूनअखेरीस कॅल्गरीत सूर्य रात्री दहाच्या थोडा आधी मावळतो, त्यामुळे अंधाराची भीती नाही, पण पहाटे पाचला उठलेल्या चालकाच्या डोळ्यांवर सातलाच झापड येते. परतताना कॅनमोरला थांबावे, थर्मॉसमध्ये चहा उरला असेल तर तो तिथे संपवावा आणि पुढचा तासभर गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी.